मेंदूतील गाठ : किती काढावी, किती ठेवावी?

मेंदूत गाठ आहे असे निदान झाले की घरावर आभाळ कोसळते. पुण्या-मुंबईला नेण्याची तयारी, पैशांची जुळवाजुळव, रक्त देणाऱ्यांची शोधाशोध अशी धावपळ सुरू होते. शस्त्रक्रिया पार पडते आणि दाराबाहेर ताटकळत उभे असलेले नातेवाईक सर्जनना पहिला प्रश्न विचारतात, ‘‘डॉक्टर, गाठ सगळी निघाली ना?’’ ‘होय’ असे उत्तर आले की जीव भांड्यात पडतो. ‘थोडी ठेवावी लागली’ असे ऐकले की मनात शंकेची पाल चुकचुकते. डॉक्टरांना जमले नाही का? आपण चुकीच्या ठिकाणी आलो का? पैसे कमी पडले म्हणून तर असे झाले नाही ना?

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. मेंदूची शस्त्रक्रिया मी करत नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी सल्ला विचारायला आणि नंतर फाईल दाखवायला असे रुग्ण माझ्याकडे येतात. मोठ्या रुग्णालयातील कागद वाचून ते घरच्यांना समजावून सांगण्याचे काम माझ्या वाट्याला येते. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘सगळी काढली तर चांगले, थोडी ठेवली तर वाईट’ एवढे सोपे गणित मेंदूच्या बाबतीत नसते. किती काढले याबरोबरच ते काढताना काय गमावले, हेही मोजावे लागते. हा हिशोब कसा मांडला जातो आणि त्यात रुग्णाने व घरच्यांनी कोणता भाग घ्यायचा, याची माहिती आज करून घेऊ.

इतर अवयव आणि मेंदू

आतड्यात कर्करोगाची गाठ असेल तर सर्जन गाठीच्या दोन्ही बाजूंचे चांगले आतडेही थोडे कापतात आणि उरलेली टोके जोडून देतात. स्तनाच्या गाठीभोवतीचा निरोगी भागही गाठीबरोबर काढतात. गाठीच्या कडेला एखादी वाईट पेशी राहू नये, हा त्यामागचा हेतू. आतडे काही इंच कमी झाले तरी माणसाचे फारसे अडत नाही.

मेंदूत ही सोय नाही. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यातील निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे सोपवलेली आहेत. बहुतेक माणसांत बोलण्याचे व भाषा समजण्याचे काम मुख्यतः डावीकडच्या भागात चालते. उजव्या हातापायांची हालचाल डावा मेंदू करतो, डाव्या हातापायांची उजवा. मेंदूच्या तळाशी असलेल्या देठातून श्वास, हृदयाचे ठोके आणि गिळणे यांचे नियंत्रण होते. उजव्या कपाळामागच्या टोकाचा थोडा भाग काढला तर पुष्कळदा माणूस नीट वागताबोलता राहतो. देठात मात्र काही मिलिमीटरची इजासुद्धा जिवावर बेतू शकते. म्हणजे गाठ केवढी आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती कोठे आहे याला महत्त्व आहे.

सुपारी आणि हरळी

गाठीच्या जातीवरही बरेच अवलंबून असते. सोयीसाठी आपण दोन प्रकार धरू.

पहिला प्रकार मेंदूच्या बाहेरून, त्याच्या आवरणातून उगवणाऱ्या गाठीचा. हिला मेनिंजिओमा म्हणतात. ती बहुधा साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली असते आणि सावकाश वाढते. ती मेंदूला बाजूला ढकलते, पण सहसा त्यात मिसळत नाही. पिशवीतली सुपारी बाहेर काढावी तशी ती सोडवून काढता येते.

दुसरा प्रकार मेंदूच्या स्वतःच्या आधारपेशींतून उगवणाऱ्या गाठीचा. ही ग्लायोमा. शेतकरी वाचकांना हिची जात चटकन कळावी म्हणून मी हरळीचे उदाहरण देतो. हरळी वर दिसते तेवढीच नसते. तिच्या काड्या जमिनीखाली पिकाच्या मुळांत शिरलेल्या असतात. ग्लायोमाच्या पेशीही दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडे, चांगल्या मेंदूत पसरलेल्या असतात. एम.आर.आय.च्या चित्रात जी कड दिसते ती गाठीची खरी कड नसते. हरळी बांधावर असेल तर बिनधास्त खणता येते. पिकात असेल तर तेवढेच खणल्यास पीकही उपटून येते. ग्लायोमाचा सर्जन पिकातली हरळी काढत असतो.

ग्लायोमाच्या चार श्रेणी मानतात. पहिल्या श्रेणीची गाठ बहुधा लहान मुलांत व तरुणांत आढळते आणि पुष्कळदा पूर्ण काढून बरी होऊ शकते. दुसरी श्रेणी सावकाश वाढते, तिसरी वेगाने. चौथ्या श्रेणीतील ग्लायोब्लास्टोमा सर्वांत आक्रमक.

एक अर्धा मेंदू काढला तरी

‘सगळेच काढून टाका की!’ असे वाटणे स्वाभाविक आहे. हा प्रयोगही होऊन गेला आहे.

मेंदूतील ग्लायोमा काढण्याची आधुनिक काळातील पहिली गाजलेली शस्त्रक्रिया २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी केली. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. आकडी शरीराच्या कोणत्या भागातून सुरू होते आणि कोणता हात लुळा पडतो, एवढ्यावरून ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी गाठीची जागा सांगितली आणि गाठ नेमकी तेथेच सापडली. रुग्ण मात्र सुमारे चार आठवड्यांनी जंतुसंसर्गाने दगावला.

पुढे शस्त्रक्रिया सुरक्षित होत गेली, पण ग्लायोमा पुन्हा उगवतच राहिला. तेव्हा अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वॉल्टर डँडी यांनी सर्वांत टोकाचा उपाय केला. ज्या रुग्णांची डावी बाजू गाठीमुळे आधीच लुळी पडली होती, अशा काहींच्या मेंदूचा संपूर्ण उजवा अर्धगोल त्यांनी काढला. १९२८ मध्ये त्यांनी याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानेही आजार थांबला नाही. अर्धा मेंदू काढला तरी ग्लायोमाची हरळी समूळ निघत नाही, हा धडा वैद्यकशास्त्राला तेव्हा मिळाला.

मग गाठ काढायची तरी कशाला?

धडा असा असला तरी शस्त्रक्रिया व्यर्थ आहे असा त्याचा अर्थ नव्हे. गाठ काढल्याने तीन गोष्टी साधतात. कवटीच्या बंद डब्यातला दाब कमी होतो. त्यामुळे डोकेदुखी, उलट्या, गुंगी कमी होते. तुकडा तपासायला मिळाल्याने गाठीची जात कळते आणि आता त्याची जनुकीय तपासणीही होते. पुढचे उपचार त्यावर ठरतात. तिसरी गोष्ट म्हणजे किरणोपचार आणि औषधांसमोरचे ओझे हलके होते.

या तिसऱ्या मुद्द्याचे गणित समजण्यासारखे आहे. एक ग्रॅम गाठीत ढोबळ मानाने शंभर कोटी पेशी असतात असे धरतात. शंभर ग्रॅमची गाठ ९९ टक्के काढली तरी एक ग्रॅम, म्हणजे शंभर कोटी पेशी उरल्या. त्या मारण्यासाठी पुढचे उपचार लागतातच. पण दहा हजार कोटींशी लढण्यापेक्षा शंभर कोटींशी लढणे बरे.

ग्लायोब्लास्टोमाविषयी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील कर्करोग केंद्राने २००१ मध्ये ४१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची एम.आर.आय.त दिसणारी गाठ ९८ टक्के किंवा अधिक निघाली होती, त्यांचे मध्यक आयुष्य १३ महिने होते. त्याहून कमी निघालेल्यांचे ८.८ महिने. मध्यक याचा अर्थ, निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले आणि निम्मे कमी. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी ५०० रुग्णांची माहिती तपासली. त्यांना ७८ टक्के गाठ निघाल्यापासूनच फायदा दिसू लागला आणि जसजशी अधिक निघाली तसतसा तो वाढला. म्हणजे ‘पूर्ण निघत नसेल तर हातच लावू नका’ हेही बरोबर नाही आणि ‘पूर्ण निघाली नाही म्हणजे सगळे संपले’ हेही नाही.

आकडे वाचताना घ्यायची काळजी

येथे वाचकांना थोडे सावध करतो. ज्यांची गाठ जास्त निघाली ते जास्त जगले, हे खरे. पण जास्त निघाली ती कोणाची? बहुधा ज्यांची गाठ सोयीच्या जागी होती, ज्यांचे वय कमी होते आणि तब्येत बरी होती त्यांची. असे रुग्ण एरवीही थोडे जास्तच जगतात. तेव्हा आयुष्यातील सगळा फरक सर्जनच्या हाताचा मानता येत नाही. हे वैगुण्य अशा बहुतेक अभ्यासांत असते.

त्या दृष्टीने नॉर्वेतील एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमाच्या बाबतीत तेथील एका रुग्णालयात फक्त तुकडा तपासून थांबण्याकडे कल होता; दुसऱ्यात लवकर शस्त्रक्रिया करून जमेल तेवढी गाठ काढण्याकडे. रुग्ण कोणत्या रुग्णालयात जाणार हे तो कोणत्या भागात राहतो यावर ठरत होते, गाठ सोपी की अवघड यावर नव्हे. त्यामुळे तुलना बरीच न्याय्य झाली. १५३ रुग्णांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाचे ७४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, थांबण्याकडे कल असलेल्या रुग्णालयाचे ६० टक्के. अशा गाठींत ‘बघू पुढे’ म्हणत वर्षे घालवू नयेत, हे मत त्यानंतर पुष्कळ दृढ झाले.

पारड्याची दुसरी बाजू

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. गाठ अधिक काढण्याच्या प्रयत्नात हातपाय लुळे पडले किंवा वाचा गेली तर काय होते? पहिली गोष्ट उघड आहे, उरलेले आयुष्य परावलंबी होते. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आयुष्यही घटते. ग्लायोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना नवे अर्धांग झाले किंवा ज्यांची वाचा गेली, ते इतरांपेक्षा कमी जगल्याचे आढळले आहे. कारण समजण्यासारखे आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला छातीत जंतुसंसर्ग होतो, पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, किरणोपचारासाठी रोज ये-जा करणे जमत नाही आणि तीव्र औषधे सोसत नाहीत. म्हणजे पाच टक्के जास्त गाठ काढून मिळवलेले महिने हात गमावल्यामुळे हातचे जातात.

म्हणून आजचे धोरण थोडक्यात असे : काम शाबूत ठेवून जास्तीत जास्त गाठ काढायची. त्यापुढचे किरणांवर आणि औषधांवर सोपवायचे. ग्लायोब्लास्टोमात किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड या गोळ्या दिल्याने मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, असे २००५ मध्ये दिसून आले. हे उपचार घेण्याइतकी ताकद रुग्णात उरली पाहिजे.

जागेपणी शस्त्रक्रिया

काम शाबूत आहे की नाही हे सर्जनला टेबलावरच कसे कळणार? त्यासाठी रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया करतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डोक्याची कातडी आणि मेंदूचे आवरण बधिर केले की पुरते. कवटी उघडताना गुंगी देतात, नंतर रुग्णाला जागे करतात. सर्जन मेंदूच्या पृष्ठभागाला अगदी सौम्य वीजप्रवाहाचा स्पर्श करतात आणि समोर बसलेला तज्ज्ञ रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारतो, आकडे मोजायला सांगतो, हात हलवायला लावतो. स्पर्श होताच रुग्णाला ‘छत्री’ हा शब्द सुचेनासा झाला तर ती जागा राखायची. स्पर्श काढला की शब्द परत येतो.

कॅनडातील माँट्रियलचे वाइल्डर पेनफिल्ड यांनी या पद्धतीचा पाया घातला. १९३४ मध्ये तेथे उघडलेल्या त्यांच्या मेंदूविज्ञान संस्थेत शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील मेंदू-शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. आज मुंबई-पुण्यातही अशा जागेपणीच्या शस्त्रक्रिया होतात.

या पद्धतीचा उपयोग किती? निरनिराळ्या देशांतील ८,०९१ रुग्णांच्या माहितीचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विजेच्या स्पर्शाने जागा तपासून शस्त्रक्रिया केलेल्यांत कायमचे गंभीर व्यंग ३.४ टक्के रुग्णांना आले. तसे न करता केलेल्यांत ८.२ टक्क्यांना. शिवाय गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाणही तपासणाऱ्यांतच जास्त होते. कोठे थांबायचे ते नक्की कळले की तोवर न भिता जाता येते.

एक व्यावहारिक गोष्ट. ही तपासणी रुग्णाच्या बोलण्याच्या भाषेत व्हायला हवी. ज्यांना दोन भाषा येतात त्यांच्या मेंदूत त्या भाषांच्या जागा काही अंशी वेगळ्या असू शकतात. घरात कन्नड किंवा तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

जागेपणीच्या तपासणीखेरीज आणखी साधने आहेत. एका औषधाचे द्रावण शस्त्रक्रियेपूर्वी काही तास पाजले तर निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी-लाल चमकते. जर्मनीतील २००६ च्या चाचणीत या प्रकाशामुळे एम.आर.आय.त दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेले. तथापि, प्रकाश गाठ दाखवतो. तेथे बोलण्याचे केंद्र आहे की नाही ते दाखवत नाही. म्हणून एक साधन दुसऱ्याची जागा घेत नाही.

एका शिंप्याची गोष्ट

माझ्या माहितीतील एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चौतिशीतला एक शिंपी. मशीनवर बसला असता आकडी आली. एम.आर.आय.मध्ये डाव्या बाजूला, बोलण्याच्या केंद्राला लागून सावकाश वाढणारी ग्लायोमा दिसली. मोठ्या शहरात जागेपणी शस्त्रक्रिया झाली. बरीचशी गाठ निघाली. मागच्या कडेचा लहान भाग ठेवला.

महिन्याभराने त्याचे वडील त्याला घेऊन आले. चेहऱ्यावर राग होता. ‘‘डॉक्टरसाहेब, जमिनीचा तुकडा विकला, पोराचं डोकं उघडलं, आणि गाठ ठेवून दिली?’’ मी डिस्चार्ज कार्ड वाचले. त्यात स्पष्ट लिहिले होते, की त्या कडेला स्पर्श करताच रुग्णाचे बोलणे थांबत होते. तीनदा तपासले, तीनदा थांबले. मी मुलाला नाव, गाव, कामधंदा विचारला. तो अडखळत पण बरोबर बोलत होता. मी म्हणालो, ‘‘काका, तेवढा भाग काढला असता तर गिऱ्हाईकाला माप विचारायला याच्याकडे शब्द राहिला नसता. हात चालला असता, पण दुकान चाललं नसतं.’’ म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, ‘‘हे तिथं कुणी समजावून सांगितलं नाही.’’

सुमारे दीड-दोन महिन्यांत त्याचे बोलणे सुधारले. तो पुन्हा दुकानात बसू लागला. दर सहा महिन्यांनी एम.आर.आय. होत होता. तिसऱ्या वर्षी उरलेला भाग थोडा वाढलेला दिसला, तेव्हा किरणोपचार आणि गोळ्या झाल्या. गोष्ट गोड शेवटाची आहे असे मी म्हणणार नाही; हा आजार पाठ सोडत नाही. पण मुलीला शाळेत पोहोचवणे, तिच्याशी बोलणे, चार पैसे मिळवणे हे सारे त्याने त्या वर्षांत केले. ठेवलेल्या गाठीच्या बदल्यात त्याला हे मिळाले.

साध्या गाठींतही थोडी ठेवावी लागते

वर सांगितलेली सुपारीसारखी मेनिंजिओमा पूर्ण काढणे केव्हाही चांगले. डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९५७ मध्ये याचा पद्धतशीर हिशोब मांडला. गाठ, तिचे मूळ चिकटलेले आवरण आणि बिघडलेले हाड असे सारे काढले तर ९ टक्के रुग्णांत गाठ पुन्हा त्रास देऊ लागली. गाठ पूर्ण काढून मूळ जाळून टाकले तर १९ टक्क्यांत, मूळ तसेच ठेवले तर २९ टक्क्यांत आणि गाठीचाच भाग राहिला तर ४४ टक्क्यांत. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता, त्यामुळे आजचे आकडे वेगळे असतील. पण चढती पायरी लक्षात घेण्याजोगी आहे.

तरीसुद्धा गाठ मेंदूतील मोठ्या रक्तवाहिनीला किंवा डोळ्याच्या मज्जातंतूला घट्ट चिकटली असेल तर सर्जन तेथे पातळ थर ठेवतात. कानाच्या मज्जातंतूवरील गाठीत चेहऱ्याचा मज्जातंतू शेजारीच असतो. तो तुटला तर चेहरा वाकडा होतो, डोळा मिटत नाही. म्हणून त्यावर गाठीचा पापुद्रा ठेवण्याचा निर्णय अनेकदा जाणूनबुजून घेतात. अशा गाठी सावकाश वाढतात. उरलेला भाग वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो आणि वाढलाच तर नेमक्या जागी किरण देता येतात. सत्तरीच्या बाईच्या बाबतीत पंधरा वर्षांनी होऊ शकणाऱ्या वाढीसाठी आज तिचे पाय पणाला लावणे शहाणपणाचे नसते. तिशीच्या बाईच्या बाबतीत तोच हिशोब वेगळा येतो.

याउलट कधी फक्त तुकडा घेऊन थांबणेच योग्य ठरते. गाठ देठात खोलवर पसरली असेल, मेंदूच्या दोन्ही बाजूंना फाकली असेल किंवा रुग्ण फार थकलेला असेल, तर मोठी शस्त्रक्रिया फायद्यापेक्षा तोटा करते. याचा अर्थ ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा नव्हे. जात कळली की औषधे आणि किरण ठरवता येतात.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारायचे प्रश्न

निर्णय तज्ज्ञांचा असला तरी काय जपायचे हे तज्ज्ञांना रुग्णाकडूनच कळते. भजनी मंडळातल्या पेटीवादकाला बोटे हवीत, शिक्षकाला बोलणे हवे, ड्रायव्हरला नजर हवी. रुग्णाचा कामधंदा, भाषा, डावखुरेपणा हे आपणहून सांगावे. कागदावर लिहून नेण्यासारखे प्रश्न असे :

१. गाठ कोणत्या जागी आहे आणि तेथून कोणते काम चालते?

२. अंदाजे किती निघेल? पूर्ण काढण्याचा प्रयत्न केल्यास काय जाण्याचा धोका आहे, तात्पुरता की कायमचा?

३. जागेपणी शस्त्रक्रियेची किंवा विजेच्या तपासणीची गरज आहे का? येथे सोय आहे का?

४. थोडी राहिली तर पुढे काय करणार?

५. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे रुग्णालय आणि ही शस्त्रक्रिया बसते का?

परिस्थिती तातडीची नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

शस्त्रक्रियेनंतर

‘सगळी काढली’ हे सर्जनचे मत असते, खात्री एम.आर.आय.ने होते. तो शक्यतो ४८ तासांच्या आत काढतात, कारण नंतर जखमेची सूज आणि उरलेली गाठ यांत फरक करणे कठीण जाते. हा एम.आर.आय. जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक चित्राची तुलना त्याच्याशी होते.

पहिल्या काही दिवसांत बोलणे अडखळले किंवा हात जड झाला तर धीर सोडू नका. सूज ओसरल्यावर आणि व्यायामाने त्यातले बरेच काही आठवड्यांत-महिन्यांत परत येते. सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या आणि आकडीच्या गोळ्या बरे वाटले म्हणून एकाएकी बंद करू नका; सांगतील तशाच कमी करा. तीव्र डोकेदुखी, उलट्या, वाढती गुंगी, नवी आकडी, ताप किंवा टाक्यांतून पाणी येणे असे काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि गाठीचा भाग ठेवला असे कळले तर आधी ‘का ठेवला’ हे विचारा. ते ऐकून मगच मनात राग किंवा समाधान धरा. काय वाचवण्यासाठी ठेवला, हे सर्जन सांगू शकले आणि ते वाचलेले तुम्हाला समोर दिसत असेल, तर ती शस्त्रक्रिया अपुरी झाली असे समजू नका.

(पुढील आठवड्यात : आकडी आलेल्या माणसाला काय करावे, काय करू नये.)